मराठवाड्यात विषमुक्त भाजी-धान्य: कुठं शोधायचं, विकणाऱ्याला काय विचारायचं?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठंही जा, ‘सेंद्रिय’, ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ अशा पाट्या वाढल्यात आणि भाव दीडपट-दुप्पट. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेली माहिती आपल्याला अर्धवटच लागू पडते. आपल्याकडं ज्वारी, तूर, हरभरा बऱ्याच घरांत थेट शेतातून येतो. आठवडी बाजारात बसलेला माणूस पुष्कळदा स्वतः पिकवणारा असतो. आणि एप्रिल-मे मध्ये विहिरी कोरड्या पडल्या की भाजी बाहेरून येते, ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून आपल्यापुरता हा धागा. शिक्का खरा कसा ओळखायचा, शिक्का नसलेल्या शेतकऱ्याला काय विचारायचं, कुठल्या भाज्या मुळातच कमी फवारणीच्या, धान्य-डाळीचं काय करायचं, धुऊन नेमकं काय निघतं. ‘आमच्याकडं सगळं शुद्धच असतं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. नाव, प्रमाण, कारण लिहा.

शिक्का_शाई

शिक्क्यांपासून सुरुवात करतो. आपल्याकडं दोन रस्ते आहेत.

पहिला एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या अपेडाचा, २००१ पासून चालू. बाहेरची मान्यताप्राप्त संस्था येऊन तपासणी करते. हंगामी पिकाला पेरणीआधी २ वर्षं आणि फळबागेला पहिल्या तोडणीआधी ३ वर्षं रूपांतराचा काळ लागतो. म्हणजे ‘यंदापासून सेंद्रिय सुरू केलं’ म्हणणाऱ्याचा माल यंदाच ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही.

दुसरा पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकऱ्यांनीच गट करून एकमेकांची हमी घ्यायची. गटात किमान ५ शेतकरी लागतात. रूपांतर चालू असेल तर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’, पूर्ण झालं की ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’. खर्च नगण्य, म्हणून आपल्या भागातल्या लहान गटांना हाच परवडतो. डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन आधी विदर्भात होतं, नंतर सगळ्या राज्याला लागू झालं, त्यामुळं मराठवाड्यातही असे गट आहेत. जिल्ह्याच्या ‘आत्मा’ (कृषी विभागाची शेती-तंत्रज्ञान यंत्रणा) कार्यालयात जाऊन तालुक्यातल्या गटांची यादी मागा.

सर्टिफिकेट दाखवलं तर तीन गोष्टी बघायच्या: मुदत, त्यावर लिहिलेली पिकं, आणि क्षेत्र. इथंच लोक फसतात. कागद खरा असतो, पण तो २ एकर तुरीचा असतो आणि समोर विकायला टोमॅटो असतो.

पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणि १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक पाहिजे. सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ चे आहेत. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही, पण मग त्यानं ते चिन्हही लावायचं नाही. म्हणून हातगाड्यावर ‘जैविक भारत’चं स्टिकर दिसलं तर खुशाल कागद मागा.

बांधकरी

शिक्क्याचं बरोबर हाय, पण आठवडी बाजारात शंभरात एकाकडं बी कागद सापडणार नाही. तिथं प्रश्न विचारता आले पाहिजेत. ‘फवारलं का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नाही ओ ताई, घरचंच हाय.’ त्यात काही कळत नाही.

विचारायचं असं: वांग्याला शेंडेअळी आली की काय करता? खरंच न फवारणारा माणूस पटकन सांगतो. कीड लागलेले शेंडे खुडून जाळतो, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो, ५ टक्के निंबोळी अर्क मारतो, तरी दहात तीन-चार वांगी किडकी निघतात. जो म्हणतो ‘आमच्याकडं कीड येतच नाही’, त्याच्याकडून घेऊ नका. मराठवाड्यात वांगं लावलं अन् शेंडेअळी आली नाही असं होत नसतं.

मग शेवटचं कधी मारलं ते विचारा. औषधाच्या लेबलावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे अळीचं औषध घ्या. टोमॅटोला ३ दिवस, पण वांग्याला २२ दिवस. आता वांगं तोडायचं असतं चार-पाच दिवसांनी. २२ दिवस थांबायचं म्हणजे चार-पाच तोडे सोडून द्यायचे. कोण सोडंल? भेंडीचं तसंच. इमामेक्टिन या अळीच्या औषधाला भेंडीत ५ दिवस थांबावं लागतं, अन् भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होती. पाच दिवसांत दोन तोडे वाया. शेतकरी काही मुद्दाम विष खाऊ घालीत नाही, हिशोबच तसा हाय.

म्हणून जी भाजी थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा तोडावी लागते (भेंडी, वांगी, कारली, दोडकी, मिरची, चवळीच्या शेंगा), तिच्यात थांबायचा काळ मोडायची शक्यता जास्त. एकदाच काढायची भाजी (गाजर, मुळा, रताळं, लाल भोपळा, कांदा) त्या मानानं बरी.

तेरणाकाठ

ही तोडणीची गोष्ट फार उपयोगाची आहे. मग पानकोबी-फुलकोबी एकदाच काढतात, त्या बऱ्या का?

बांधकरी

नाही. त्यांच्यावर चौकोनी ठिपक्याचा पतंग असतो, त्याची अळी पानं चाळणी करून टाकते. पावसाळ्यातल्या फुलकोबीला आठवड्याला फवारणी चालते. गड्डा धरल्यावर मारलेलं आत अडकतं. फुलकोबी खायचीच तर डिसेंबर-जानेवारीत, थंडीत किडीचा जोर कमी असतो तेव्हा.

वाळूक

एक मुद्दा कुणीच काढत नाही: कापसातली भाजी.

आपल्याकडं जालना, बीड, परभणी, संभाजीनगर पट्ट्यात कापसाच्या ओळींत नाहीतर तासाच्या कडेला भेंडी, आंबाडी, चवळी, वाळकं, गावरान काकडी टाकायची पद्धत आहे. ही भाजी दिसायला खरी गावरान, वाकडी-तिकडी, वाण देशी. बाजारात ‘गावरान’ म्हणून जास्त भावानं जाते. पण फवारणी कापसाच्या वेळापत्रकानं होते. तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, गुलाबी बोंडअळी, जे येईल त्यावर पंप चालतो आणि त्याच ओळीतल्या भेंडीवर सगळं पडतं. कापूस खायचा नसतो, म्हणून थांबायचे दिवस कुणी मोजत नाही. त्यात भेंडी आणि आंबाडी कापसाच्याच कुळातल्या, तुडतुडे तिन्हींवर जातात, त्यामुळं भेंडी वाचवायलाही तेच औषध पुन्हा मारलं जातं.

तेव्हा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात गावरान भेंडी घेताना एकच प्रश्न: ‘कापसातली का वेगळ्या वाफ्यातली?’ हे लोक खरं सांगतात, कारण यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

लिंबोळी

वाळूकदादांना पूर्ण अनुमोदन. कमी फवारणीच्या भाज्यांची माझी यादी देते, पण प्रत्येकीला अट आहे.

करडईची भाजी: विरळणीची कोवळी रोपं असतील तर बिनधास्त घ्या. पेरणीनंतर पहिल्या महिन्यातच ही उपटतात. त्यानंतर करडईवर मावा येतो, उशिरा पेरलेल्यावर तर काळा थर बसतो, मग फवारणी होते. डिसेंबर-जानेवारीत शेंडे खुडून आणलेली, पान चिकट लागणारी करडई नको.

हरभऱ्याची भाजी: इथं जास्त जपायला हवं. पानावरची आंब जाऊ नये म्हणून आपण ही भाजी धूत नाही, वाळवतानाही धूत नाही. म्हणजे जे पानावर आहे ते सरळ पोटात. घाटेअळीची पहिली फवारणी साधारण फुलोऱ्याच्या सुमारास होते, भाजी त्याआधी, पेरणीनंतर महिनाभराच्या आत खुडलेली पाहिजे. ताटाला फूल दिसायला लागलं की त्या शेतातली भाजी घेऊ नका. हेच डहाळ्यांना लागू, उलट जास्तच, कारण घाटे भरतात त्याच काळात अळीवर औषध चाललेलं असतं. सोलून खातो म्हणून थोडं बरं, पण दातांनी घाटा सोलायची सवय सोडा.

शेवगा: घरापुढचं झाड असेल तर प्रश्नच नाही. बागेतला असेल तर विचारा, तिथं पानं खाणाऱ्या अळीवर फवारतात.

रानभाज्या: तांदुळजा, घोळ, कुंजर, पाथरी, तरोटा, केना, कर्टुली. या कुणी फवारत नाही हे खरं, पण यांच्यातल्या बऱ्याच भाज्या शेतकऱ्याच्या लेखी तण आहेत. सोयाबीन उगवून पंधरा-वीस दिवस झाले की तणनाशक मारतात. त्यानंतर आठवडाभर तण जळत-पिवळं पडत असतं आणि नेमके त्याच वेळी कोवळे शेंडे खुडून बाजारात येतात. जूनअखेर ते जुलैमध्ये घोळ-केना घेताना पानाच्या कडा बघा. शिरेच्या मधला भाग पिवळा, शेंडा आखडलेला असेल तर ठेवून द्या. डोंगर-माळरानावरची कर्टुली आणि पडीक जागेतला तरोटा जास्त भरवशाचे.

कढीपत्ता, पुदिना, कोथिंबीर या तिन्ही घरीच लावा. मसाल्याच्या पानांवर अवशेष जास्त सापडतात आणि आपण ती न शिजवता वरून घालतो. १५ इंची कुंडीत एक कढीपत्ता चार माणसांच्या घराला पुरतो.

मालदांडी

भाजीच्या नादात धान्य राहू नये. रोजच्या ताटात वजनानं जास्त तेच असतं.

रब्बीची ज्वारी हे मराठवाड्याचं खरं भाग्य आहे. मालदांडी, दगडी, परभणी मोती, यांपैकी कोणतीही घ्या, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमिनीतल्या ओलीवर पेरतात आणि खत-औषध फार कमी लागतं. २०१८ नंतर लष्करी अळी आली, ती मुख्यतः मक्याची पण ज्वारीच्याही पोंग्यात बसते, म्हणून आता काही ठिकाणी सुरुवातीला एखादी फवारणी होते. ती कणीस निसवायच्या कितीतरी आधीची. कोरडवाहू ज्वारीसाठी दुप्पट भाव देऊन ‘सेंद्रिय’ शिक्का शोधण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कोरडवाहू आहे का तेवढं विचारा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावरून वर्षाची भरून ठेवा.

तुरीचं उलट आहे. फुलोरा ते शेंग भरेपर्यंत शेंगा पोखरणारी अळी आणि शेंगमाशी असते, दोन-तीन फवारण्या ठरलेल्या. विषमुक्त तूर करणारे शेतकरी पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची, दुसरी घाटेअळीच्या विषाणूची (एचएएनपीव्ही) घेतात, वावरात पक्ष्यांना बसायला थांबे उभे करतात आणि झाडं हलवून अळ्या पोत्यावर पाडतात. पैसे जास्त द्यायचे असतील तर तुरीला द्या. बदनापूरची बीडीएन-७११ सारखी लवकर येणारी जात असेल तर अळीच्या मोठ्या लाटेतून थोडी सुटते.

आडतीवाला

साठवणीवर लिहितो. शेतात एकही फवारणी नाही आणि घरात पोत्यावर बोरीक पावडर, अशी गंमत चालते. तांदूळ-डाळ आपण धुतो, ज्वारी-गहू तसेच चक्कीवर जातात. पावडर भाकरीत.

योग्य पद्धत अशी. धान्याला दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे, ओल १० टक्क्यांच्या आसपास. ऊन दिल्यावर रात्रभर पसरून गार होऊ द्या, मगच भरा. गरम धान्य कोठीत भरलं की आत घाम सुटतो, वरच्या थराला बुरशी येते आणि लोक म्हणतात वाळवूनही खराब झालं. नंतर दोन पदरी हवाबंद पिशवीत दाबून हवा काढायची, प्रत्येक पदराला वेगळी गाठ मारायची आणि महिनाभर उघडायची नाही. आतला प्राणवायू संपला की किडा, अळी, अंडी सगळी मरतात. रोज उघडायची असेल तर ही पद्धत फुकट जाते, म्हणून ५० किलोची एकच पिशवी भरण्यापेक्षा २५ च्या दोन भरा. उंदराचं भोक पडलं तरीही फुकट, पिशवी लोखंडी कोठीत ठेवा. कडुलिंबाचा पाला टाका, नुकसान नाही, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

कडधान्यातला भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालून येतो. तूर, मूग, चवळी सगळे अख्खे ठेवू नका. लवकर डाळ करून घेतली की भुंग्याला आत बसायला जागाच उरत नाही. अख्खे ठेवायचेच तर किलोला ५ मिली एरंडेल चोळा.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचा: गोदामात वापरतात त्या सेल्फॉसच्या गोळ्या घरात, विशेषतः झोपायच्या खोलीजवळच्या कोठीत, कधीही टाकायच्या नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणूस मारतो.

लिंबोळी

आडतीवाले काका, हळदीवरही दोन ओळी लिहा ना. वसमतच्या बाजारातून लोक पोत्यानं नेतात.

आडतीवाला

हळद पावडर घेऊ नका, हळकुंड घ्या आणि दळून आणा. हळकुंडातही पॉलिश केलेलं, गुळगुळीत, बाहेरून पिवळंधमक असलेलं टाळा. पॉलिशच्या वेळी रंग चढवता येतो. बिनपॉलिशचं हळकुंड मळकट, खवलेदार दिसतं. मोडून बघा, आत गडद केशरी पाहिजे. पावडरच घ्यावी लागली तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चमचाभर टाका, ढवळू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी लगेच दाट पिवळं झालं तर रंग आहे. फक्त ध्यानात ठेवा, ही भेसळीची तपासणी आहे, कीटकनाशकाची नाही.

गुळाचं: फटफटीत पिवळा गूळ म्हणजे हायड्रॉस (रंग उजळवणारी रासायनिक) पावडर असायचा संभव. भेंडीच्या रसानं मळी काढलेला गूळ तांबूस-काळपट होतो आणि पावसाळ्यात लवकर पाघळतो. नुसता काळा रंग बघूनही घेऊ नका, जास्त करपलेला गूळही काळाच असतो. गुऱ्हाळ सुरू असताना जाऊन कढईजवळ उभं राहिलं की पाच मिनिटांत कळतं.

केसर आंबा: फळं पिकवायच्या कार्बाइड पावडरला कायद्यानं बंदी आहे. झाडावरचा पक्का कच्चा आंबा घ्या आणि घरी गवतात आढी लावा, आठ-दहा दिवस लागतात. मेच्या सुरुवातीलाच सगळी पेटी एकसारखी पिवळी आणि देठाजवळ वास नाही, असा माल सोडा.

तेरणाकाठ

धुण्याबद्दल कुणी नीट लिहील का? व्हॉट्सअॅपवर मीठ, व्हिनेगर, सोडा, ओझोनचं यंत्र, रोज नवीन येतं.

तराजू

औषध दोन प्रकारचं असतं: पानावर बसणारं स्पर्शजन्य आणि रसात भिनणारं आंतरप्रवाही. पहिलं धुऊन बरंच कमी होतं, दुसरं होत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिफेट ही आंतरप्रवाही. ती भेंडीच्या गरात असतात, बाहेर कितीही घासा.

वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुणं हे पहिलं काम, आणि ते नुसतं भिजवण्यापेक्षा जास्त उपयोगी. नंतर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चहाचे चमचे, खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं ठेवा आणि पुन्हा धुवा. सफरचंदावर याच प्रमाणात २०१७ मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला होता. सालीवरचं औषध गेलं, सालीत शिरलेलं राहिलं. अल्कधर्मी पाण्यात काही औषधं फुटतात, म्हणून सोडा. सगळी फुटत नाहीत. पालेभाजी पंधरा मिनिटांहून जास्त ठेवली तर लिबलिबीत होते. कोबीची वरची तीन-चार पानं काढा, काकडी-दुधी सोला, द्राक्षं घडातून सुटी करून धुवा. यंत्रावर पैसे घालवू नका.

धुऊन भाजी विषमुक्त होत नाही, थोडी कमी विषारी होते. ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे तिथं भाजी कोणती निवडली हे धुण्यापेक्षा महत्त्वाचं.

बांधकरी

सेंद्रिय भाजी बी धुवा बरं का. पालेभाजीवर जीवामृत, शेणाची स्लरी शिंपडतात. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, गूळ-बेसन दोन-दोन किलो, मूठभर बांधाची माती, ४८ तास मुरवून एकराला देतात. जमिनीला देणं चांगलं, पण काढणीच्या चार दिवस आधी मेथीच्या पानावर मारलं तर जुलाबाचे जंतू पानावर बसणारच. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमात तर मातीला टेकणाऱ्या पिकाला कच्चं शेण अन् काढणी यांत १२० दिवसांचं अंतर सांगितलंय.

शहराच्या खालच्या अंगाला नाल्यावर मोटार टाकून मेथी-पालक करायलेत, तो तर वेगळाच विषय. एक थेंब औषध नसंल, पण पाणी गटाराचं. ‘पाणी कुठलं?’ हा प्रश्न विसरू नका.

शिक्का_शाई

प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं असेल तर काय करावं, तराजू सर?

तराजू

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि कीटकनाशक अवशेषासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. दुसरा भाग महत्त्वाचा, मान्यता पाणी तपासणीची असते आणि लोक भाजी पाठवतात. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात, म्हणून दहा घरांनी मिळून करायचं.

नमुना १ ते २ किलो. एका झाडाचा नाही, वावरभर फिरून गोळा केलेला. धुवायचा नाही, पुसायचा नाही. नव्या पिशवीत, बर्फासोबत, शक्यतो २४ तासांत पोचवायचा. कुजलेला नमुना घेऊन काही उपयोग नाही.

अहवालात बघायचं: किती औषधं तपासली त्यांची यादी, आणि मोजणीची मर्यादा किलोला ०.०१ मिलीग्रॅम आहे का. मर्यादा ढिली असेल तर ‘आढळले नाही’ याला किंमत नाही. एक साधी फसगत अशी: शे-दोनशे औषधांच्या एकत्रित चाचणीत ग्लायफोसेट (तणनाशक) येत नाही आणि मॅन्कोझेबही (बुरशीनाशक) येत नाही. दोन्हींची पद्धत वेगळी, वेगळी मागावी लागते. टोमॅटो-बटाट्याला मॅन्कोझेब तर सर्रास मारतात.

सेंद्रिय मालासाठी नियम असा की अवशेष नेहमीच्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के किंवा मोजता येईल ती किमान पातळी, यांतलं जे जास्त असेल त्याच्या आत पाहिजे. म्हणजे शून्य असा शब्द कायद्यातही नाही. शेजारच्या वावरातून वाऱ्यानं येतंच.

स्वस्तातल्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या कीटकनाशकांचे ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे दोन गटच दाखवतात. आज जास्त वापरात असलेली इमिडाक्लोप्रिड, क्लोरँट्रानिलीप्रोल त्यांच्यावर दिसत नाहीत.

बांधकरी

सर, अजून एक. शेतकरी मनापासून सांगतो ‘मी फक्त जैविक टॉनिक मारलं’, अन् अहवालात भलतंच निघतं. खोटं तो बोलत नाही, बाटली खोटी असते. ‘१०० टक्के हर्बल, २४ तासांत अळी खल्लास’ असं लिहिलेल्या बाटलीत रासायनिक औषध मिसळलेलं सापडलंय. खऱ्या जैविक औषधाला वेळ लागतो. बिव्हेरिया, मेटारायझियम बुरशी असते, ती अळीवर रुजायला पाच-सात दिवस अन् हवेत ओल लागती. निंबोळीनं अळी खायची थांबती, लगेच पडत नाही. बाटलीवर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक बघायचा. नसंल तर दुकानदाराला परत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जिवाणू-बुरशींचं मिश्रण) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घेतलेली बरी.

निंबोळी अर्क तर घरीच करा. ५ किलो वाळलेली निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा, एकूण १०० लिटर करायचं. संध्याकाळी फवारायचं, उन्हात त्याची ताकद जाते. त्याच दिवशी संपवायचं. मागच्या वर्षीची बुरशी धरलेली निंबोळी चालत नाही.

वाळूक

शेतावर जाता आलं तर काय बघायचं तेही सांगतो. बांधावर आणि विहिरीच्या कठड्याजवळ रिकाम्या बाटल्या. ओळींमधलं गवत: खुरपलेलं असेल तर मातीसकट उपटलेलं दिसतं, तणनाशकाचं असेल तर उभ्या उभ्या तपकिरी वाळतं. पानांवर कोळ्यांची जाळी आणि लाल-काळे ढालकिडे असणं चांगलं लक्षण. आणि पश्चिमेचा बांध. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतं. त्या बाजूला शेजाऱ्याचा कापूस असेल आणि मध्ये मका-ज्वारीच्या दाट चार-पाच ओळी नसतील तर त्याची फवारणी याच्या मेथीवर.

तेरणाकाठ

म्हणजे शेवटी शेतकरी गाठणं आलं. दहा घरांनी एक शेतकरी धरला तर व्यवहार कसा ठेवावा?

आडतीवाला

दहा घरांना आठवड्याला घरटी ६ किलो धरा, ६० किलो. त्याला बागायती १० गुंठे पुरतात, नासधूस धरून. त्यात ८-१० पिकं. मेथी-कोथिंबीर एकदम टाकायची नाही, दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा, तर आठवड्याला सलग मिळते. ऑक्टोबर ते मार्च असा सहा महिन्यांचाच करार करा. एप्रिल-मे मध्ये पाणी नसतं, त्या काळात ‘भाजी द्याच’ असा आग्रह धरला की शेतकरी मोंढ्यातून (घाऊक बाजारातून) आणून टोपली भरतो. दोष त्याचा कमी, आपला जास्त.

भाव बाजारासोबत वरखाली नको. हंगामाचा एकच सरासरी भाव ठरवा आणि बियाणं-सापळ्यांपुरते पैसे आधी द्या. टोमॅटो बाजारात पाच रुपये झाला की ग्राहक पळतात आणि साठ झाला की शेतकरी पळतो, व्यवस्था मोडते ती इथंच.

लिंबोळी

आणि टोपलीत काय आलं त्यावर लक्ष ठेवायचं. जानेवारीत कारली, सगळे टोमॅटो एका मापाचे, फुलकोबी पांढरीशुभ्र, असं दिसलं की सरळ विचारायचं. किडकी चार वांगी आली म्हणून मात्र तक्रार करू नका. त्या वांग्याचा किडका भाग कापून काढा, बाकीचं भरीत करा.

तेरणाकाठ

ठीक. आत्माकडून लातूर तालुक्यातल्या गटांची यादी मिळाली की इथंच टाकतो. नांदेड, हिंगोली, धाराशिवच्या लोकांनी आपापल्या तालुक्याची मागवा. यादीत गटाचं नाव, पिकं, सर्टिफिकेटची मुदत आणि पाणी कुठलं, एवढं लिहा. शेतकऱ्याचा फोन नंबर उघड्यावर टाकू नका, खाजगी निरोपातून द्या.

बांधकरी

पश्चिमेच्या बांधाला काय हाय ते बी लिहा.